चुनखडीची वाटी

अण्णा, तुमचा दगड परत देऊन आलो. तोच, आईनं ओट्याच्या कोपऱ्यात तीस वर्षं मीठ ठेवायला वापरलेला, पांढुरका, मधे वाटीइतका खोलगट. खळग्याचा तळ इतका गुळगुळीत की मी येता-जाता त्यात बोट फिरवायचो आणि आई हातावर चापट मारायची. देताना समोरच्याकडून पावती घ्यावी असं माझ्या मनात आलं होतं, हेही आत्ताच सांगून टाकतो. चाकणच्या कंपनीत बाहेरून येणारा माल तपासण्यात सत्तावीस वर्षं गेली की माणूस असाच होतो, हातातली वस्तू कुणाला दिली तर सही लागते. संशय घेणं ही माझी नोकरी आहे. पण तो धंदा मी आपल्या घरातूनच शिकून गेलो होतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

सुरुवात त्या तांबड्या स्वेटरपासून झाली. थंडी पडली की पिंपरीच्या फुटपाथवर बांबू रोवून, ताडपत्री टाकून स्वेटरवाल्या बायका बसायच्या. त्या कुठून येतात हे कुणी विचारत नसे, आपण सगळ्यांना सरसकट नेपाळी म्हणून मोकळे व्हायचो. मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होतो. एका संध्याकाळी तुम्ही भोसरीच्या वर्कशॉपमधून घरी आलात ते स्वेटर अंगात घालूनच. तो असा बसला होता की खांद्यावर सुरकुती नाही, मनगटाशी बोटभर कमी नाही की जास्त नाही. आईनं मागून ओढून बघितला, पुढून बघितला आणि विचारलं, "माप कुनी घेतलं?" तुम्ही चप्पल काढता काढता म्हणालात, "माप कशाला लागतंय, बसला झालं." लग्नाच्या बांगड्या घेताना ज्या माणसानं नवरीच्या हाताला केसाएवढं माप घेणारा व्हर्नियर लावला होता, आणि ही गोष्ट आई चार बायकांत मिरवून सांगायची, तो माणूस म्हणतो माप कशाला लागतंय! तो स्वेटर आईनं स्वतःच्या हातानं कधी धुतला नाही.

पुढच्या जूनमध्ये तुम्ही पंधरा दिवसांची रजा टाकलीत. हिमाचलात, स्पिती नावाच्या भागात जायचं म्हणालात. स्वेटरवालीचा भाऊ तिथं लामा आहे, त्यांच्या मठात माणसापेक्षा उंच असं प्रार्थनेचं चक्र आहे, त्याचा खालचा दांडा दगडाच्या वाटीत फिरतो, वाटी झिजली आणि चक्र लंगडायला लागलं. "बुश टाकला की काम झालं," तुम्ही म्हणालात. बुश म्हणजे दांडा ज्यात फिरतो तो पितळी गोल तुकडा, तुम्ही जन्मभर तेच केलंत, त्यामुळे हे ऐकायला ठीक होतं. पण भोसरीत आख्खी एमआयडीसी सोडून कुणी एवढ्या लांब फुकट बुश टाकायला जातो का? आईनं हा प्रश्न तुम्हाला विचारला नाही, मला विचारला. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि मला सगळं कळतं असं मला वाटत होतं. मी म्हणालो, "नाही जात कोणी."

तुम्ही परत आलात ते काळवंडून, ओठ फाटून, आणि पिशवीत तो दगड. बुश बसवताना काढलेली जुनी वाटी, मापासाठी आणली म्हणालात. वर्कशॉपमध्ये माप घेऊन झाल्यावर ती घरीच राहिली. एकदा आईनं तिच्यात लिंबाची फोड ठेवली तर दगडाला बारीक बुडबुडे आले. आई दोन पावलं मागं सरली. "इख हाय ह्यात. त्या बाईनं काय घालून दिलंय कुनाला ठावं." तुम्ही वाकून बघितलंत आणि तुमचा चेहरा उजळला, तो मला अजून दिसतो. "चुनखडी हाय ती. तिकडचे डोंगरच्या डोंगर चुनखडीचे. आंबट लागलं की बोलती." मग खिडकीतून अंगणातल्या काळ्या दगडाकडं बोट करून म्हणालात, "आपला हा कितीबी लिंबू पिळा, तोंड उघडायचा न्हाई." आईनं दगड राखेनं घासला, उन्हात तीन दिवस ठेवला आणि मग त्यात मीठ भरलं. मीठ का, ते मी विचारलं नाही. इख असलं तर मिठानं उतरेल, असं काहीतरी तिच्या मनात असावं.

खरं तर मठ-बिठ ह्या गोष्टींत तुमचा जीव आधीपासून होता, आणि ते मला माहीत होतं. मी दहाएक वर्षांचा असताना तुम्ही मला सायकलवर डबलसीट घेऊन जुन्या हायवेलगतच्या डोंगरातल्या लेण्यांत गेला होतात. वर चढून मला धाप लागलेली, आणि तुम्ही मूर्ती बघायच्या सोडून एका खोलीच्या उंबऱ्याशी उकिडवे बसलात. उंबऱ्यात एक गोल खळगा होता. "हितं दाराची खुंटी फिरायची. बघ, एका अंगाला जास्त झिजलंय. दार वाकडं बसलं हुतं." आत भिक्खूची दगडी पलंगपट्टी, तिच्यावर बसून आपण भाकरी खाल्ली. तुम्ही म्हणालात की एवढ्या कठीण दगडात खोली कोरणाऱ्याला दार सरळ बसवता आलं नाही, म्हणजे दार बसवणारा दुसरा कुणीतरी असणार, आणि कोरणारा त्याच्यावर जाम चिडला असणार. मी खूप हसलो. हा दिवस आठवला असता तर पुढचं बरंच टळलं असतं. पण संशय घ्यायचा ठरला की माणूस साक्षीदारसुद्धा निवडून घेतो, आणि हा साक्षीदार मी कधी बोलावला नाही.

तुम्ही पाच उन्हाळे गेलात. पहिल्या वर्षी आईनं विचारलं, "झालं का काम?" तुम्ही म्हणालात, "व्हईल." दुसऱ्या वर्षी म्हणालात, "बघू." तिसऱ्या वर्षी ताट सरकवून उठलात. एक बुश बसवायला पाच वर्षं लागतात? तुमच्या हातचं काम परत आलेलं वर्कशॉपमध्ये कुणी पाहिलं नव्हतं, मालक गिऱ्हाइकाला तुमच्या मशिनपाशी आणून उभं करायचा. त्यातून दर वसंतात एक आंतर्देशीय पत्र यायचं, हिंदीत. एक मी उघडून आईला वाचून दाखवलं. "आप ज़रूर आइए, सब राह देख रहे हैं." आईनं एवढंच विचारलं, "सब म्हंजी कोन?" मी पत्र पुन्हा चिकटवलं आणि मागचा पत्ता वहीत उतरवून ठेवला. तुम्ही परत आलात की मी तुमची पिशवी तपासायचो, खिसे बघायचो, स्वेटर हुंगायचो. काहीच सापडत नसे, आणि काही न सापडणं हाच मला मोठा पुरावा वाटायचा.

सहाव्या वर्षी तुमची पिशवी भरून दारामागं ठेवलेली होती, आणि त्याच आठवड्यात तुमच्या वर्कशॉपचा लॉट माझ्या टेबलावर आला. मी चाकणला लागून दोन वर्षं झाली होती. आमच्या कंपनीनं तुमच्या मालकाला बुशांची एक छोटी ऑर्डर दिलेली, आणि ते बुश तुम्ही केले होते, कडेला तुमची खूण, पंच ठोकून उमटवलेले दोन ठिपके होते. मी मोजले. भोक मोठं आहे असा शेरा मारला, नाकारल्याचा लाल टॅग बांधला, खाली सही केली. दुसऱ्या दिवशी गेटवरून फोन आला, "साहेब, भोसरीवरनं एक मिस्त्री आलेत. म्हणतात, समोर बसून मोजू." मी सांगितलं, मीटिंगमध्ये आहे. दोन तास तुम्ही सिक्युरिटीच्या केबिनबाहेर बाकड्यावर बसलात, मांडीवर माप तपासायच्या गेजची पेटी घेऊन, आणि मग लॉट टेम्पोत टाकून परत गेलात. गेटवरच्या माणसाला तुम्ही सांगितलं नाहीत की आत बसलेला साहेब तुमचा मुलगा आहे. घरी जेवताना फक्त विचारलंत, "किती भरला?" मी आकडा सांगितला. तुम्ही घास चावून संपवलात आणि म्हणालात, "मंग बरोबर केलंस." जेवण झाल्यावर दारामागची पिशवी तुम्ही स्वतःच रिकामी केलीत. त्यानंतर डोंगराचं नाव काढलं नाहीत, पत्रं आली तरी उघडली नाहीत, आणि दोन वर्षांनी देवाघरी गेलात. तुमच्या वाऱ्या थांबल्या तेव्हा आई म्हणाली, त्या बाईनंच सोडलं असंल.

आता आई शहात्तर वर्षांची आहे आणि आम्ही सांगवीत राहतो. यंदा डॉक्टरांनी तिच्या हृदयाची झडप बदलायची म्हणून सांगितलं. घरातले सगळे तिला धीर देत होते आणि ती माझ्याकडं बघत होती. दुसऱ्या दिवशी ओट्यावरचा दगड तिनं माझ्यापुढं ठेवला, मीठ काढून, धुऊन. "ह्यो घिऊन जा. तिकडं हाय का कोन, बघून ये. ऑपरेशनच्या आधी मला कळू दे." मी म्हटलं, आता एवढ्या वर्षांनी कळून काय करणार आहेस. तर म्हणाली, "वर गेल्यावर त्या मानसाशी बोलायचं का न्हाई, ते ठरवाया नको?" तिला हसू आलं नव्हतं. मलाही आलं नाही.

म्हणून वहीतल्या पत्त्यावर निघालो. अण्णा, तो मुलूख तुम्ही कधी नीट सांगितला नाहीत, सांगितला असतात तरी आम्ही विश्वास ठेवला नसता. झाड नाही, गवताची काडी नाही, करड्या-पांढऱ्या डोंगरांचे थर एकावर एक, कुठं सरळ तर कुठं घडी पडलेले, आणि खाली नदी राखेच्या रंगाची. ड्रायव्हरनं दगडात रुतलेला गोल शिंपला दाखवला, म्हणाला इथं एकेकाळी समुद्र होता. मला वाटलं विकायचा असेल, त्यानं तो परत खाली ठेवला. चहाच्या किटलीत पांढरा थर धरलेला, उकरून पाहिला तर चुनाच. मऊ कड्यात भिक्खूंनी पोखरलेल्या खोल्या दिसल्या, आपल्या लेण्यांपेक्षा कितीतरी सोप्या कोरलेल्या. बघायला खूप होतं, पण मी बघत होतो ते लोकांचे कान. तुमचे कान बाहेर आलेले, माझेही तसेच. त्या गावात शिरल्यापासून तिशीच्या आसपासच्या प्रत्येक पुरुषाचे आणि बाईचे कान मी तपासले. लाज वाटत होती, तरी तपासले.

लामा आता खूप म्हातारे झालेत, सूर्याकडं पाठ करून मठाच्या अंगणात बसले होते. मी नाव-गाव काही न सांगता दगड त्यांच्यापुढं ठेवला आणि त्यांचा चेहरा बघत राहिलो. समोरच्या सप्लायरला खराब पीस दाखवून मी जसा गप्प बसतो, तसा. त्यांनी खळग्यात बोट फिरवलं, अगदी मी फिरवायचो तसं, आणि असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला. "भोसरी!" ते म्हणाले. तुमचं नाव त्यांना आठवत नव्हतं, भोसरी आठवत होतं. मग ज्यांनी मला आत नेऊन चहा दिला त्या त्यांच्या बहीण, स्वेटरवाल्या, आता कंबरेतून वाकलेल्या. लग्न केलं नाही, भावाच्या जवळ राहतात. त्यांनी मला आधी बघितलं आणि सरळ म्हणाल्या, "कान वही है." मी चहाचा कप खाली ठेवला.

त्यांनी जे सांगितलं ते मी तीन वेळा, वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारून घेतलं. दोघांना वेगवेगळं गाठून विचारलं. जुळत होतं. तुम्ही पहिला बुश बसवलात तो इतका अचूक की चक्र फिरायला लागल्यावर थांबेना. त्या चक्राला एका फेरीला एक घंटा वाजते. म्हाताऱ्या बायका चक्राला धरून, त्याच्याबरोबर चालत प्रार्थना म्हणतात, ओझं ओढल्यासारखं, आणि त्या ओढण्यालाच त्यांच्या लेखी किंमत. आता एक धक्का दिला की चक्र आपलं फिरतंय आणि बाया बाजूला उभ्या. त्या घरी गेल्या तरी रिकाम्या खोलीत घंटा वाजायची. "आदमी नहीं, घंटी बज रही है," लामा म्हणाले, "सब डर गए." आणि थंडी पडल्यावर तुम्ही भरलेलं भोसरीचं ग्रीस दगडासारखं झालं आणि चक्र पाच महिने जागचं हललं नाही. भोसरीच्या उकाड्यात जुळवलेली मापं त्या बर्फात कशी चालणार होती? तेवढं तुमच्या लक्षात आलं नाही, कारण तुम्ही कधी थंडीत तिथं गेलाच नव्हतात. जन्मभर घर्षण कमी करत आलेल्या माणसाला कुणीतरी पहिल्यांदा सांगत होतं की थोडं जड करून द्या. पाच वर्षं तुम्ही तेच करत होतात.

पाचही बुश त्यांनी ठेवलेत. देवघरात पेल्यांसारखे दिवे असतात, ते कलंडू नयेत म्हणून बुडाला एकेक बुश. चक्र पुन्हा दगडाच्या वाटीत फिरतंय, त्यांनी गावच्या गवंड्याकडून नवीन कोरून घेतली आणि तिच्यात मोहरीचं तेल घालतात. मी दिवे एकेक बाजूला केले आणि व्हर्नियर काढला. तो मी बरोबर नेला होता, कशासाठी ते विचारू नका. प्रत्येकावर तुमचे दोन ठिपके. दुसरा पहिल्यापेक्षा घट्ट, तिसऱ्यात खाचा मारलेल्या, चौथ्यात आतून चामडं बसवलेलं, पाचवा जवळजवळ जमलेला. मला ते वाचता येत होतं. कुठं चिडलात, कुठं घाई केलीत, कुठं एकदम शांत होऊन काम केलंत, सगळं त्यात होतं. पाचव्याला मी बोट लावून बसून राहिलो आणि रडलो, आणि त्या बाई चहा पुन्हा गरम करायला गेल्या.

निघताना मी त्यांना स्वेटरबद्दल विचारलं, कारण आई विचारणारच होती. त्या तोंडाला शालीचं टोक लावून हसल्या. म्हणाल्या, मी माप घ्यायला टेप काढली तर मिस्त्री मागं सरकले, टेप माझ्या हातातून घेऊन ताडपत्रीच्या पलीकडं गेले, स्वतःच स्वतःचं माप घेतलं आणि कागदावर लिहून दिलं. छाती नऊशे साठ. आम्ही बहिणी-बहिणी सगळी थंडी हसलो, हा माणूस आहे की हत्ती! मिलिमीटर होते ते, नंतर समजलं. लामांनी मात्र मला एकच गोष्ट विचारली. सहाव्या वर्षी तुमचं पत्र आलं होतं, यंदा नक्की जमलंय, घेऊन येतो म्हणून. "फिर आए क्यों नहीं?" मी सांगितलं, आजारी पडले. त्यांनी मान हलवली. चक्र पुढं-मागं उघडतील तेव्हा आत ठेवायला म्हणून त्यांनी मला एक कागद दिला, वडिलांसाठी काय लिहायचं ते लिही म्हणाले.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती पाय लांब करून बसली होती, ऐकत होती आणि मधेमधे माझं बोलणं तोडत होती. "लामा झाला म्हून खोटं बोलत न्हाई व्हय?" "बुश काय, कुनीबी ठेवंल." "तिनं लगीन केलं न्हाई, का न्हाई केलं?" मग मी नऊशे साठ सांगितलं. ती थांबली. माझ्याकडं बघितलं, मग ओट्याच्या रिकाम्या कोपऱ्याकडं. "नऊशे साठ," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसायला लागली. "येडंच हुतं ते मानूस. माज्या हाताला बी तसंच क्येलं हुतं." बराच वेळ तिनं स्वतःच्या मनगटाभोवती बोटं धरून ठेवली. ऑपरेशन नीट झालं, अण्णा, ती बरी आहे. काल मात्र तिनं पुन्हा विचारलं, "मंग बोलले का न्हाईत? काम परत येतंय एवढंच सांगायचं हुतं की. आमी काय खाल्लं असतं त्यास्नी?" मी म्हटलं, काय माहीत.

मला माहीत आहे. दोन वर्षं घरात माल नाकारणारा मुलगा बसलेला असताना, आपला माल चार-पाच वेळा परत आला हे तुम्ही कुणाच्या तोंडावर सांगणार होतात? आणि तरी सहावा जमला होता. तो घेऊन तुम्ही निघणार होतात, तोवर मी तुम्हाला दाखवून दिलं की तुमचा हात गेला. तुम्ही त्यावर विश्वास ठेवलात. तुमच्या मापावर आम्ही पाच वर्षं ठेवला नाही, तुम्ही माझ्या मापावर एका जेवणात ठेवलात.

लामांनी दिलेल्या कागदावर मी फक्त तुमचं नाव लिहून आलो. जे लिहायचं होतं ते तिथं लिहिलं नाही, आणि हे पत्र पोचवायलाही कुणी नाही. तो लॉट आला त्या दिवशी सकाळी आई तुमच्या पिशवीपाशी बसून रडत होती, तिला तशीच सोडून मी कामावर गेलो होतो आणि टेबलावर तुमचे दोन ठिपके दिसले. मी लॉट दोनदा मोजला होता. बुश मापात होते, अण्णा, सगळेच्या सगळे. जेवताना सांगितलेला आकडा मी ताटाकडं बघत बनवला होता.